डोहातील वहिवाट

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या सडकेवर, माळव्याचे काळे पठार संपून विंध्याचा कडा जेथे एकाएकी निमाडाच्या दिशेने खाली उतरू लागतो, त्या घाटमाथ्यावर सिमरोल हे गाव वसलेले आहे. आणि ज्याला नद्यांचा थोडाफार नाद आहे अशा मनुष्याच्या लेखी या गावाचे महत्त्व तेथील बाजारावरून किंवा अलीकडे तेथे उभ्या राहिलेल्या आय. आय. टी.च्या विस्तीर्ण आवारावरून ठरत नाही, तर त्या परिसरात पडणारे पावसाचे पाणी दोन निरनिराळ्या समुद्रांकडे जाते यावरून ठरते. उत्तरेच्या उताराचे पाणी क्षिप्रा आणि गंभीर यांच्या वाटेने चंबळेस, चंबळेतून यमुनेस आणि शेवटी गंगेच्या मुखाने पूर्वसमुद्रास मिळते. दक्षिणेचे पाणी कड्यावरून उड्या घेत चोरल नदीत उतरते आणि बडवाहच्या बाजूने नर्मदेत शिरून भडोचकडे पश्चिमसमुद्रास जाते. भारतीय मत्स्यशास्त्राचे थोर अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९४० नंतरच्या दशकात जी उपपत्ती मांडली तीत विंध्य-सातपुड्याच्या या रांगांना मोठे स्थान होते: ईशान्येकडील डोंगरी प्रवाहांतील मासे याच वाटेने सह्याद्रीपर्यंत पोहोचले असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्या उपपत्तीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. परंतु सिमरोलखालच्या ओढ्यातला, हनुवटीखालच्या चकतीने खडकाला घट्ट चिकटून राहणारा बोटभर मासा पाहताना होरांचे स्मरण मला आजही झाल्यावाचून राहत नाही.

इंदूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि त्या अध्यापनाच्या निमित्ताने, पुढे पुढे निमित्ताचीही गरज न उरता, या ओढ्यांतील माशांचे निरीक्षण हाच माझ्या उद्योगाचा मुख्य विषय होऊन बसला. खंडव्याच्या बसने सिमरोलला उतरावे, गावाबाहेर पडून सागाच्या आणि पळसाच्या रानातून पायवाटेने खाली जावे, आणि पात्रातल्या काळ्या खडकावर पालथे पडून डोहात पाहत राहावे, असा तो क्रम असे. ज्या गुरुवर्यांनी मला या मार्गाला लावले ते वर्गीकरणात मुरलेले असूनही नुसत्या नावांच्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता. जाळे ओढले म्हणजे मासा कोणता हे कळते, पण तो कोठे उभा होता, प्रवाहाकडे तोंड करून होता की पाठ, उन्हात होता की मुळांच्या सावलीत, हे त्याच क्षणी कायमचे पुसले जाते, असे ते म्हणत. म्हणून जाळे टाकण्यापूर्वी निदान घटकाभर नुसते पाहावे असा त्यांचा दंडक होता. त्यांनी आखून दिलेल्या नोंदवहीत तारीख, ठिकाण, मासा आणि लांबी या चार रकान्यांच्या पुढे 'स्थान' असा एक पाचवा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवलेला त्यांना खपत नसे. पाहण्यासाठी आमच्याजवळ साधन म्हणजे तळाला काच बसवून डांबराने सांधे बुजविलेली एक लाकडी पेटी. ती पाण्यावर टेकवून आत डोळा लावला की पृष्ठभागावरची चमक नाहीशी होऊन तळापर्यंतचा सारा व्यवहार स्वच्छ दिसत असे.

पावसाळा ओसरून आश्विनात पाणी निवळले म्हणजे त्या पेटीतून जे दिसे ते सविस्तर सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. डोहाच्या वरच्या तोंडाशी, पाणी जेथे गोट्यांवरून खळाळत येते, तेथे खडकाला चिकटलेले पत्थरचट्टे असत; दख्खनेत मळ्या म्हणून कोळ्यांच्या परिचयाचा जो मासा आहे त्याच कुळातले हे, आणि खडकावरचे शेवाळ खरवडीत ते एखाद्या तसूने पुढे सरकत तेव्हा त्यांच्यामागे दगडावर उजळ रेघ उमटत जाई. गोट्यांच्या फटींतून मुरी आपला पट्टेदार देह वळवीत हिंडे. खळाळ जेथे डोहात उतरतो त्या नेमक्या ओळीवर बॅरिलियस जातीचे रुपेरी मासे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी पोहत राहत, आणि वाहत आलेला किडा टिपून पुन्हा आपापल्या ठिकाणी परतत. मधल्या पाण्यात रास्बोऱ्यांचे थवे. खोल कपारीत वाम, जी दिवसा केवळ नाकाडाने ओळखायची. काठाच्या पोखरलेल्या दरडीखाली डोक. या सर्वांहून दाट वस्ती काठाच्या उथळ, संथ, कोमट पट्ट्यात असे. जांभळीची आणि करंजाची मुळे पाण्यात उतरून तेथे जी जाळी तयार झालेली असते तिच्यात पोठीचे थवे आणि जवळजवळ प्रत्येक जातीची पिले एकत्र नांदत असत. प्रवाहाशी झुंजण्यात शक्ती खर्ची पडत नाही, सूर्याच्या उबेने सूक्ष्म अन्न विपुल वाढते, आणि मोठ्या शिकारी माशाला त्या वीतभर पाण्यात वळायलाही जागा नसते, म्हणून पिलांच्या वाढीला डोहात याहून सुरक्षित ठिकाण नाही. दिवस मावळला की ही मांडणी बदले: पोठी काठ सोडून किंचित खोल पाण्यात येई, वाम बाहेर निघे, आणि पहाटेपूर्वी पुन्हा जो तो आपल्या ठिकाणी जाई. डोह लहान होता, पण त्यात कोणी कोठे आणि केव्हा असावे याला इतका बंदोबस्त होता, की अनेक वर्षे त्या पाचव्या रकान्यात मी जवळजवळ तेच तेच शब्द लिहीत आलो.

माझे आजोबा होळकर सरकारच्या मुलकी खात्यात होते. जमिनीच्या तंट्यांविषयी बोलताना ते म्हणत, की दप्तरातले नाव पाहून निकाल देऊ नये, बांधावर जाऊन वहिवाट कोणाची आहे ते पाहावे. खातेदाराचे नाव कागदावर पिढ्यान्‌पिढ्या कायम राहते आणि शेत मात्र दुसराच कसत असतो. ओढ्यातील माशांचे पुढे जे झाले ते मला याहून नेमक्या शब्दांत सांगता येत नाही.

परक्या माशांचा आपल्या पाण्यातला प्रवेश हा चोरून झालेला नाही; तो सरकारी ठरावांनी, शास्त्रज्ञांच्या शिफारशींनी आणि बहुतेक वेळा सद्धेतूने झालेला आहे. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गंबूसिया १९२८ साली इटलीतून आला. सायप्रिनस १९३९ साली सिलोनमधून उटकमंडास आणला गेला आणि त्याचाच उष्ण हवामानाला मानवणारा दुसरा वाण १९५७ साली बँकॉकहून कटकला पोहोचला. तिलापिया, ज्याला आज भीमेच्या काठचे आपले मच्छीमार चिलापी म्हणतात, तो १९५२ साली सिलोनमधूनच मंडपमला उतरला. आणि १९५९ साली चंदेरा व गवत्या हे दोघे कटकला दाखल झाले. याच काळात, १९५७ च्या जुलैत, हिरालाल चौधुरी यांनी पीयूषग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि पावसाळ्यात नद्यांतून बीज गोळा करण्याची परवड संपली. अन्नधान्याच्या तुटवड्याचे ते दिवस होते. एकाच तळ्यात पृष्ठभागी कटला आणि चंदेरा, मध्यावर रोहू, तळाशी मृगळ आणि सायप्रिनस, काठच्या वनस्पतींवर गवत्या, अशी सहा जातींची वाटणी करून मिश्र मत्स्यशेतीची जी पद्धत आपल्या शास्त्रज्ञांनी बसविली ती बुद्धीला आणि कष्टाला भूषणावह होती, आणि तिने लक्षावधी लोकांच्या ताटात मासा आला. या पद्धतीचा पायाच मुळी हा आहे, की पाण्याचा प्रत्येक थर आणि प्रत्येक कोपरा कोणत्या ना कोणत्या माशाने वापरला पाहिजे. तळे आपण खणले असेल तर त्यात तो थर रिकामा असतो. नदीत मात्र कोणताच थर रिकामा नसतो.

सिमरोलच्या माथ्यावर, ज्या ओढ्याची ही हकीकत आहे त्याच्या उगमाकडे, सिंचनासाठी बांधलेला एक लहान तलाव आहे. त्याचा मासेमारीचा मक्ता दिला जाऊ लागला, मक्तेदार दरवर्षी बीज आणून सोडू लागला, आणि रोहू-कटल्याच्या त्या बीजात न मागता मिसळून तिलापिया आणि सायप्रिनस हेही आले. बीजाच्या पिशव्यांत अशी भेसळ होणे ही या धंद्यातली नित्याची गोष्ट असून तीत मक्तेदाराचा काही हेतू असतो असे नव्हे. श्रावणात तलाव भरून सांडवा वाहू लागला की पाण्याबरोबर मासे खाली येत. त्यांतले रोहू-कटले ओढ्यात तग धरीत नसत, परंतु तिलापिया धरी. त्याला वाढायला पूर लागत नाही, वाळूचा थर लागत नाही, वर्षातून एकच ऋतू लागत नाही. काही महिन्यांचा होताच तो प्रजोत्पादन करू लागतो आणि वर्षातून अनेक वेळा करतो. आपल्या बहुतेक कार्प माशांना मात्र वर्षातून एकदा, पावसाच्या पहिल्या लोंढ्याचीच वाट पाहावी लागते.

तो डोहात आला तेव्हा प्रथम मी त्याचे घर पाहिले आणि मग त्याला. काठाच्या उथळ गाळात, मुळांच्या जाळीच्या अगदी पुढ्यात, परातीएवढे गोल, स्वच्छ, कडेला ओटी घातल्यासारखे खळगे ओळीने खणलेले दिसले. प्रत्येक खळग्यावर एक काळसर नर उभा होता. एखादी पोठी त्या हद्दीत आली की तो पर ताठ करून तिच्यावर धावे, आणि तिला चावा न घेताही हातभर लांब हुसकून पुन्हा मध्यभागी येऊन थांबे. घटकाभरात हे इतक्या वेळा घडे की पाहणाऱ्यालाच शीण यावा. मादी मात्र खळग्यात अंडी घातल्यावर ती तोंडात घेऊन निघून जाई आणि पिले बाहेर पडल्यावरही भयाची चाहूल लागताच ती सारी पुन्हा तिच्या मुखात शिरत. अपत्यसंगोपनाची ही रीत मी विद्यार्थ्यांना पुस्तकातून कैक वेळा शिकविली होती. प्रत्यक्ष पाहिल्यावर तिच्याविषयी आदरच वाटला, आणि आजही वाटतो. परंतु ज्या पट्ट्यात डोहातल्या साऱ्या जातींची पिले वाढत होती नेमका तोच पट्टा या नरांनी आपापसांत वाटून घेतला होता.

त्यानंतरच्या वर्षांत वहीतला तिसरा रकाना फारसा बदलला नाही. पोठी होती, रास्बोरा होता, बॅरिलियस होता. उलट तिलापिया आणि सायप्रिनस यांची भर पडून यादी दोन नावांनी लांबली, आणि कोणी केवळ ती यादी पाहून अहवाल लिहिला असता तर ओढ्यातील मत्स्यवैविध्य वाढले असा दाखला त्याला निर्वेधपणे देता आला असता. बदल झाला तो पाचव्या रकान्यात. 'काठ, मुळांत, दिवसा' असे जेथे पोठीपुढे लिहिलेले असे तेथे 'खळाळाच्या कडेला, उघड्यावर' असे शब्द येऊ लागले. ज्या माशाची शरीररचना संथ पाण्यासाठी आहे, ज्याचा देह उभट आणि चापट आहे, तो वेगाच्या पाण्यात दिवसभर शेपटी हलवीत उभा राहिलेला पाहणे हे शरीररचनेची जाण असलेल्याला सुखाचे नसते. पिले त्याहून अधिक हाल सोशीत. ती पत्थरचट्ट्यांच्या गोट्यांमागच्या इंचभर आडोशाला दाटीने उभी असत, आणि तेथे शेवाळ भरपूर असले तरी त्यांच्या तोंडाच्या मापाचे अन्न नव्हते. काठ त्यांनी अगदी सोडला होता असे नाही: रात्री कंदील घेऊन पाहिले असता तिलापियांचे नर खळग्यांवर निपचित असत आणि पोठी मुळांत चरताना आढळे. म्हणजे जागा पुरती गेली नव्हती, तिच्यावरचा दिवसाचा हक्क गेला होता.

सायप्रिनसने केलेला फरक निराळ्या प्रकारचा होता. तो कोणावर धावत नाही. गाळात तोंड खुपसून अळ्या आणि किडे शोधीत राहतो, आणि त्या त्याच्या उद्योगाने तळ सतत ढवळला जातो. आश्विनात जे पाणी आरशासारखे व्हायचे ते आता कार्तिक उलटला तरी गढूळ राहू लागले, आणि आमची काचेची पेटी त्या भागात निरुपयोगी झाली. गाळाचा तो बारीक थर दगडांवर बसला की शेवाळ गुदमरते. मग पत्थरचट्ट्यांच्या त्या उजळ रेघा डोहाच्या खालच्या अर्ध्या भागात दिसेनाशा झाल्या आणि ते सारे वरच्या खळाळात गोळा झाले, जेथे आता पोठीही येऊन राहिली होती.

हे केवळ सिमरोलच्या ओढ्यापुरते नाही, हे मला वाचनातून हळूहळू कळत गेले. कॅलिफोर्नियातील ईल नदीत तिच्या शेजारच्याच सॅक्रामेंटो नदीतला पाइकमिनो हा शिकारी मासा शिरल्यावर मूळचे मासे खोल डोह सोडून उथळ, वेगवान पाण्यात आले, हे ब्राउन आणि मॉइल या अभ्यासकांनी १९९१ साली दाखवून दिले. परका म्हणजे सातासमुद्रांपलीकडचाच असावा लागतो असे नाही, एक डोंगर ओलांडलेलाही पुरतो, ही त्यातली गोष्ट मला विशेष मननीय वाटली. न्यूझीलंडमध्ये युरोपातला तपकिरी ट्राउट १८६७ पासून सोडला गेला. तेथील गॅलॅक्सिड कुळातले छोटे मासे जेथे ट्राउटच्या शेजारी टिकून राहिले तेथे ते रात्री चरू लागल्याचे आढळले, आणि पुष्कळ ठिकाणी तर ते फक्त अशा धबधब्यांच्या वर उरले आहेत जे ट्राउटला चढता येत नाहीत. हे वाचले तेव्हा आमच्या कड्यावरचे प्रपात माझ्या डोळ्यांपुढे आले. तेथे आक्रमण खालून वर चढत आले, म्हणून धबधब्याने दुर्बळाचे रक्षण केले. येथे तलाव माथ्यावर आहे आणि मासा वरून खाली येतो, त्यामुळे इतके उंच कडे असूनही ते आमच्या माशांच्या काही उपयोगी पडत नाहीत. पाणी कोठे अडवावे हे ठरविताना अभियंत्यांनी आणि महसूल खात्याने अनेक गोष्टींचा हिशेब केलेला असतो. त्या तलावाच्या सांडव्याखाली कोण राहते ही बाब त्या हिशेबात यावी असे मला मनापासून वाटते.

मराठी वाचकाला अधिक जवळची, आणि माझ्या मते अधिक विचार करायला लावणारी, हकीकत कावेरीची आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीराचे वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव दिले, तो हा आपला निळसर परांचा खुद्री. धरणांमुळे आणि बेसुमार मारीमुळे तो दुर्मिळ होत चालला तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला त्याचे कृत्रिम प्रजनन १९७० नंतर सुरू केले; ते काम अत्यंत निष्ठेचे होते आणि त्या जातीच्या रक्षणात त्याचे ऋण मोठे आहे. परंतु त्याची पिले दूरच्या नद्यांनाही पाठविली गेली, त्यांतली काही कावेरीत सोडली गेली, आणि कावेरीत स्वतःचा, नारिंगी परांचा, पाठीला मदार असलेला एक प्रचंड महाशीर अगोदरच होता. गळाने मासा धरून पुन्हा सोडणाऱ्या शौकिनांच्या तळांवर १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदींत निळ्या परांचा मासा वाढत गेला आणि मदारवाला विरळ होत होत जवळजवळ दिसेनासा झाला. त्याला शास्त्रीय नावाची निश्चिती लाभली ती २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. मुळा-मुठेच्या काठी जो आपल्या करुणेचा विषय, तोच कावेरीच्या डोहात दुसऱ्याची जागा घेणारा. म्हणून 'परका मासा दुष्ट' असे वर्गात कोणी लिहिले तर मी ते खोडून काढीत असे. मासा दुष्ट नसतो. त्याला कोठे नेऊन सोडावे हा निर्णय मनुष्याचा असतो आणि त्याची जबाबदारीही मनुष्याचीच.

या कामात मला ज्यांची सोबत लाभली ते निमाडातल्या कहार समाजाचे एक वृद्ध गृहस्थ होते. मी त्यांना काका म्हणे आणि ते मला माटसाब म्हणत. त्यांच्या फेकजाळ्याचा घेर पाण्यावर पडताना पूर्ण वर्तुळ होई, आणि माझ्या नोंदींत जे काही बिनचूक आहे त्याचा पुष्कळ भाग त्यांच्या डोळ्यांचा आहे. एकदा तिलापियाविषयी मी बराच वेळ बोलत राहिलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माटसाब, जेठाच्या महिन्यात माझ्या चुलीवर दुसरे काय शिजते ते येऊन बघा." मी गेलो आणि पाहिले, ते खरे होते. उन्हाळ्यात डोह आटल्यावर, उष्ण आणि प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात तग धरणारा तोच एक मासा उरे, आणि त्यावर ते घर जगे. पण त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी पोठी धरायची तर मुळांत हात घालून चाचपावे लागे, आता ती दिवसाढवळ्या उघड्यावर येऊन उभी राहते, पहिल्याच फेकीत हाती लागते, आणि खंड्यालाही तितकीच सहज मिळते. मात्र चिमटीत धरली तर तिला पोट लागत नाही. माझ्या वहीतल्या इतक्या पानांचा आशय त्यांनी दोन वाक्यांत सांगितला होता, आणि त्यांचे ते शब्द मी त्या दिवशीच्या तारखेखाली जसेच्या तसे उतरवून ठेवले.

या सर्वांचे मूळ परक्या माशाच्या ठिकाणी शोधले तर ते अपुरेच सापडेल. तिलापिया आणि सायप्रिनस हे संथ पाण्याचे मासे आहेत; जेथे ओढा वाहता राहतो, पूर वेळेवर येतात आणि तळाचा गाळ दरसाल धुऊन निघतो, तेथे त्यांचा अंमल फार दिवस चालत नाही. आपण पाणी अडविले, म्हणून त्यांना मुलूख मिळाला. मोठ्या प्रमाणावर नर्मदेचे हेच झाले आहे. १९६० च्या आसपास नर्मदेतल्या मासेमारीचा सुमारे चतुर्थांश हिस्सा एकट्या महाशीराचा, म्हणजे निमाडी लोकांच्या बाडसाचा, होता. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी सरोवरांची माळ तयार झाल्यावर ती नदी दूरपर्यंत नदीच राहिली नाही. पावसाळ्याच्या लोंढ्यात उपनद्यांत चढून स्वच्छ वाळूगोट्यांत अंडी घालणारा हा मासा. त्याला आता चोरलसारख्या लहान वाहत्या नद्यांचाच काय तो आधार उरला आहे. २०११ साली मध्य प्रदेश सरकारने त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला, आणि बडवाहच्या वनखात्याने त्याच्या प्रजननाचे काम हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट होय. पण तळ्यात वाढविलेली पिले सोडायची कोठे, तर ज्या काठाच्या पट्ट्यात बोटभर महाशीराने पहिले वर्ष काढायचे त्या पट्ट्यात. आणि तो पट्टा जर दिवसभर दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर पिलांची संख्या वाढवून भागणार नाही. प्रजननकेंद्राला भेट देणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न आवर्जून विचारीत आलो आहे.

एका उन्हाळ्यात, आदल्या वर्षी पाऊस अपुरा झाल्यामुळे, आमचा डोह कमरेएवढ्या पाण्यावर आला. काकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून आखूड फासाच्या जाळ्यांनी त्यातला तिलापिया जवळजवळ संपूर्ण काढून घेतला. काकांच्या गल्लीत त्या दिवशी घरोघर मासा शिजला. मग आम्ही काहीच केले नाही, फक्त पाहत राहिलो. चार-आठ दिवसांत पोठीचा एक लहान थवा दुपारच्या वेळी मुळांशी आला, बिचकून परत गेला, पुन्हा आला; आणि त्यानंतर आठवड्याच्या आत त्या रिकाम्या खळग्यांवरून पिले चरताना दिसली. एका डोहाच्या निरीक्षणावरून सिद्धांत बांधता येत नाही, आणि तसा बांधण्याचा माझा मानस नाही. तरी जागा मोकळी झाल्यावर तिचा मूळचा रहिवासी इतक्या लवकर परततो, एवढे तरी मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्येष्ठाअखेर पाऊस सुरू झाला, तलाव भरला, सांडवा वाहिला, आणि कार्तिकात काठाशी पुन्हा ते गोल खळगे होते.

सांडव्यावर जाळी बसवून पाहिली. पहिल्याच पुरात पानापाचोळ्याने ती बुजली आणि तलावाच्या बांधाला धोका नको म्हणून काढावी लागली. मक्तेदाराशी बोलणे झाले. तो समजूतदार मनुष्य निघाला, आणि बीज आणताना पिशवी उघडून परके मासे वेचून काढण्याचे त्याने मान्य केले. त्याप्रमाणे तो करतोही, पण जे तलावात अगोदरच वाढत आहेत त्यांना वेचणार कोण? ज्यांना या प्रश्नात लक्ष घालायचे आहे त्यांना माझे सांगणे असे, की ज्या ओढ्यांवर माथ्याला तलाव नाही ते आधी सांभाळावेत. आमच्या ओढ्याच्या पूर्वेला, दोन टेकड्या सोडून, तसा एक ओढा आहे. त्याच्या काठाच्या मुळांत आजही दिवसा पोठी असते, आश्विनात त्याचा तळ दिसतो, आणि माझ्यानंतर हे काम पाहणारे विद्यार्थी त्याची जी वही ठेवतात तिच्या पाचव्या रकान्यात मी तरुणपणी लिहीत असे तेच शब्द येतात.

त्या ओढ्याच्या उगमाशी एक शेततळे खणण्याची तजवीज चालली आहे, असे मागल्या पावसाळ्यात कळले. तळ्याला माझा विरोध नाही. त्या माथ्यावरच्या शेतांना उन्हाळ्यात पाणी हवे आहे आणि ते मिळालेच पाहिजे. मी अर्ज केला आहे तो दोन गोष्टींसाठी: एक, तळ्यात मासे सोडायचे झाल्यास त्याच ओढ्यातून धरलेले सोडावेत, बाहेरचे बीज आणू नये, आणि दुसरी, सांडवा ओढ्याच्या अंगाला न काढता शेताच्या चरात काढावा, म्हणजे भरलेले पाणी वावरात जिरेल आणि मासा खाली उतरणार नाही. चराचा नकाशा काकांच्या नातवाने काढून दिला. तो सिव्हिल ओव्हरसिअर आहे, आणि त्याने उतार मोजून सांगितले की खर्च फारसा वाढत नाही. अर्जाची एक प्रत पंचायतीत दिली आहे, एक वनखात्याच्या चौकीवर, आणि शेतकऱ्याच्या घरी मी स्वतः जाऊन त्याला ती वाचून दाखविली. चराची कल्पना त्याला पटली. माशांविषयी तो म्हणाला, की ओढ्यातले मासे तळ्यात जगतील की नाही ते आधी एका हौदात ठेवून पाहू. तो हौद येत्या मार्गशीर्षात भरायचा आहे.